डोळा खुपतोय? आधी हात धुवा

आपल्या घरात कुणाच्या डोळ्यात काही गेलं की प्रत्येकाकडे घालायला काहीतरी तयार असतं. आजीकडे तूप, आत्याकडे गुलाबपाणी, शेजारणीकडे मध, बाळंतीण घरात असेल तर तिचं दूध, आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात थेंबांची बाटली. मला या लेखात सांगायचंय ते याच्या उलट आहे. घरच्या घरी डोळ्याचं करायचं काम म्हणजे डोळ्यात काही घालणं नव्हे, डोळ्यातलं काढणं. आणि ते जमत नसेल तर वेळेत थांबणं.

मी डॉक्टर नाही. शेतीवाडीचं घर, त्यामुळे कुसळं, भुसा, मिरची, चुना हे सगळं पाहिलेलं. शिवाय सासऱ्यांच्या एका डोळ्यापायी नेत्रतज्ज्ञांकडे बऱ्याच फेऱ्या झाल्या. तिथे विचारून विचारून जे पक्कं झालं, ते इथे लिहिते आहे.

एक गोष्ट अगदी सुरुवातीला. डोळ्यात चुना, सिमेंट, फिनाईल, संडास धुवायचं ॲसिड, बॅटरीचं पाणी किंवा फवारणीचं औषध गेलं असेल तर पुढे वाचत बसू नका. नळाखाली डोळा धरा, कुणाला तरी गाडी काढायला सांगा, आणि मग वाचा.

हे घरचं काम आहे का, ते आधी ठरवा

भिंतीवरचं कॅलेंडर यासाठी फार उपयोगी. चष्मा असेल तर तो घाला, पाच-सहा पावलांवर उभे राहा, एक डोळा तळहाताने झाका (दाबू नका) आणि तारखा वाचा. मग दुसरा डोळा झाका. चांगल्या डोळ्याला दिसणारी तारीख दुखऱ्या डोळ्याला धूसर दिसत असेल आणि दोन-चारदा उघडझाप करूनही ती स्वच्छ होत नसेल, तर हे घरचं काम नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून हे कधीच कळत नाही, कारण चांगला डोळा दुखऱ्याची बाजू सांभाळून घेतो.

मग आरशासमोर या आणि उजेडात बघा. खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे:

- नुसतं खुपणं नाही, तर ठसठसून दुखणं, किंवा उजेडाकडे बघताच न येणं
- काळ्या भागावर पांढरट ठिपका किंवा गढूळपणा
- हातोडी, ग्राइंडर, ड्रिल किंवा गवत कापायचं यंत्र चालवताना काहीतरी उडून लागलं असेल, मग डोळा वरून ठीक दिसत असला तरी
- चेंडू, विटी, फटाका किंवा कोपर लागलं असेल
- कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा दुखून लाल झाला असेल
- कपाळावर, पापणीवर नागिणीचे फोड आले असतील
- डोळा लाल, सोबत डोकेदुखी, उलट्या आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील (हा काचबिंदूचा अचानक आलेला झटका असू शकतो. पित्त समजून लोक रात्र काढतात आणि तेवढ्यात डोळ्याचं नुकसान होतं)
- महिन्याच्या आतलं बाळ असेल आणि डोळ्यातून पू येत असेल

उलट एक गोष्ट दिसायला भयंकर आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. सकाळी आरशात बघावं तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग! दुखत नाही, खुपत नाही, दिसायला स्वच्छ दिसतं. जोराच्या खोकल्याने, शिंकेने, कधी काही कारण नसतानाही बारीकशी रक्तवाहिनी फुटते. तो डाग एक-दोन आठवड्यांत पिवळट होत जिरतो. त्यावर काही घालायचं नाही. रक्तदाब मात्र एकदा मोजून घ्या, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

धुवायचं कसं

धूळ, माती, गुलाल, जेजुरीचा भंडारा, साबण, शाम्पू, दुचाकीवर संध्याकाळी डोळ्यात शिरलेलं चिलट, या सगळ्यांवर उपाय एकच. पण तोंडावर पाण्याचे सपके मारणं म्हणजे डोळा धुणं नव्हे. सपका आला की पापण्या आपोआप मिटतात आणि पाणी बाहेरूनच वाहून जातं.

१. हात साबणाने धुवा. नखांतसुद्धा. ही पायरी लोक हमखास गाळतात.

२. लेन्स असेल तर काढा. लगेच निघत नसेल तर धुताना निघेल.

३. पाणी घ्या. पिण्याचं स्वच्छ पाणी चालतं. विहिरीचं किंवा टँकरचं असेल तर उकळून कोमट केलेलं बरं. घरात सलाईनची न उघडलेली बाटली असेल तर उत्तम. रसायन गेलं असेल तेव्हा मात्र पाणी निवडत बसू नका, हाताशी येईल ते स्वच्छ पाणी ओता.

४. धार बारीक हवी. पूर्वी बाळाला दूध पाजायचं बोंडलं घरोघरी असायचं, ते याला नंबर एक. जलनेतीचं भांडं चालेल. सुई काढलेली मोठी सिरिंज चालेल. काहीच नसेल तर तांब्या आणि शांत हात.

५. बेसिनवर किंवा मोरीत वाका, मान अशी कलती करा की दुखरा डोळा खालच्या बाजूला येईल. धार नाकाकडच्या कोपऱ्यातून सोडा, पाणी कानाकडे वाहू द्या. म्हणजे घाण चांगल्या डोळ्यात जात नाही.

६. दुसऱ्याने अंगठ्याने आणि बोटाने पापण्या हाडावर टेकवून उघड्या धराव्यात. बोटांचा दाब भुवईच्या आणि गालाच्या हाडावर, डोळ्यावर नाही. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगा.

७. धुळीसाठी पाच मिनिटं पुरतात. मग डोळे मिटून दोन मिनिटं शांत बसा. लगेच पुसायला, चोळायला जाऊ नका.

लहान मुलांना हे सगळं करू देणं अवघड जातं. त्यांना चादरीत गुंडाळून मांडीवर आडवं घ्यायचं आणि नाकाच्या बाजूला पाणी सोडत राहायचं. रडताना मूल डोळे उघडतं-मिटतं, त्यात बरंचसं काम होऊन जातं. रडू येणं या एका बाबतीत फायद्याचं.

कण निघत नाही तेव्हा

धुतलं तरी प्रत्येक उघडझापीला टोचतंय, म्हणजे बहुधा कण वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला चिकटलाय. पापण्यांचे केस धरून वरची पापणी हलकेच पुढे ओढा आणि खालच्या पापणीवर आणून सोडा. खालच्या पापणीचे केस आतून झाडूसारखे फिरतात. दोन-तीनदा करा, मग पुन्हा धुवा.

खालची पापणी ओढून आरशात पाहा. कण तिच्या आत किंवा पांढऱ्या भागावर स्पष्ट दिसत असेल तर स्वच्छ सुती रुमालाचं टोक पाण्यात भिजवून, नुसतं टेकवून उचला. कोरडा कापूस नको, त्याचे तंतू मागे राहतात. काळ्या भागावर कण दिसला तर हात लावायचा नाही, टोकानेही नाही. तिथे वर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्यातूनच आपल्याला दिसतं. त्याच्यावर खोल ओरखडा उठला तर बरा होताना पांढरा व्रण राहू शकतो. त्यालाच आपण डोळ्यात फूल पडलं म्हणतो.

आमच्याकडे एक आजी होत्या, जिभेच्या टोकाने डोळ्यातला कण काढण्यात पंचक्रोशीत प्रसिद्ध. माणसं लांबून यायची. मायेने करायच्या, पैसा घेत नसत. पण तोंडात जेवढे जंतू असतात तेवढे घरात दुसरीकडे क्वचित असतील, आणि ओरखडा पडलेल्या डोळ्यात ते सोडणं म्हणजे नांगरलेल्या रानात तण पेरणं. त्यापेक्षा आईची जुनी पद्धत बरी: पदराचा बोळा करायचा, त्यावर फुंकर मारून ऊब आणायची आणि मिटल्या डोळ्यावर टेकवायची. पदर धुतलेला असेल तर त्यात काही वावगं नाही. कण त्याने निघत नाही, पण रडणारं पोर शांत होतं आणि चोळायचं थांबतं. तेही थोडं नव्हे.

कण निघून गेल्यावरही काही वेळ खुपत राहतं, कारण ओरखडा असतो. बारीक ओरखडा साधारण एक-दोन दिवसांत भरून येतो. दर तासाला कमी वाटलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढंच किंवा जास्त खुपत असेल तर डॉक्टरकडे. ते डोळ्याला पिवळा रंग लावून निळ्या उजेडात बघतात, ओरखडा असेल तर हिरवा चमकतो. दोन मिनिटांचं काम.

कुसळाचं मात्र वेगळं

आता सासऱ्यांचं. बाजरीच्या मळणीत त्यांच्या डोळ्यात कुसळ गेलं. धुतलं, निघालं, काम चालू. दोन दिवसांनी डोळा लाल. तालुक्याच्या एका औषध दुकानातून थेंब आणले. थेंबांनी लाली एका दिवसात उतरली, सगळे खूश. आठव्या दिवशी बुबुळावर पांढरा डाग. नेत्रतज्ज्ञांनी बाटली हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली आणि मान हलवली. त्यात स्टेरॉइड होतं.

शेतातल्या काडीने, ऊसाच्या पात्याने, भाताच्या लोंबीने, कुसळाने ओरखडा पडला की त्या वाटेने बुरशी आत शिरू शकते. बुरशी सावकाश वाढते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस फसवे असतात. आणि स्टेरॉइड दाह दाबतं, म्हणजे लाली जाते, पण बुरशीला रान मोकळं मिळतं. डोळा राहिला, नजर निम्मी गेली.

त्यामुळे दोन नियम. एक, शेतातल्या काडीकचऱ्याचा मार लागला असेल तर बरं वाटत असलं तरी पहिल्या दोन दिवसांत दाखवून या. दोन, दुकानातून थेंब आणायचे असतील तर बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन यांपैकी काही लिहिलंय का ते वाचा. लिहिलं असेल तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वापरायची नाही. ही औषधं वाईट नाहीत, योग्य ठिकाणी डोळा वाचवतात. पण आपल्या मनाने महिनोन्‌महिने घातली तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली आणि शेजाऱ्याची बाटली, या दोन्हींनाही हाच नियम.

मिरची, चीक आणि चुना

मिरचीने डोळा जातो की काय असं वाटतं, पण तसं होत नाही. अर्ध्या-पाऊण तासात आग उतरते. खरी अडचण हाताची असते. मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून आधी हाताला गोडंतेल चोळा, मग साबणाने दोनदा धुवा, आणि नंतरच डोळ्याकडे वळा. नाहीतर धुता धुता पुन्हा तिखटच लावतो. डोळ्यात मात्र तेल, तूप, दूध काही नाही. पाणी आणि डोळ्यातलं स्वतःचं पाणी. कांद्याबद्दल तर काही करायलाच नको.

रुईचा चीक फार लोकांना माहीत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करताना देठातून पांढरा चीक निघतो आणि तोच हात डोळ्याला जातो. गंमत म्हणजे फार दुखत नाही. काही तासांनी मात्र धुक्यातून बघितल्यासारखं दिसायला लागतं, कारण चिकाने बुबुळाच्या आतल्या थराला सूज येते. दुखत नाही म्हणून थांबू नका. पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दाखवा. औषधाने बहुतेकदा नजर परत येते, पण त्यासाठी वेळेत जायला हवं. कुंपणाच्या शेराचा चीक दुखतोही भरपूर, आणि धुवायची रीत तीच.

सगळ्यांत वाईट चुना. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची ट्यूब पोरांच्या हाती लागते. तोंडाशी चुना वाळून बसलेला असतो, पोर जोरात दाबतं, आणि गोळा फुटून थेट डोळ्यात. ॲसिड वरचा थर जाळून बऱ्याचदा तिथेच अडतं. चुना आत आत मुरत जातो. म्हणून इथे मिनिटांचा हिशेब आहे.

लगेच, जागेवर, वाहत्या पाण्याखाली किमान अर्धा तास. पापण्या उघड्या धरून. चुन्याचे कण पापणीच्या घडीत लपून बसतात आणि पुन्हा पुन्हा विरघळत राहतात, म्हणून खालची पापणी ओढून ओल्या रुमालाने ते उचलायचे. लिंबू, व्हिनेगर घालून चुना मारायचा विचार अजिबात करायचा नाही. मग जिल्हा रुग्णालय किंवा जवळचा नेत्रतज्ज्ञ, आणि वाटेत गाडीतही बाटलीने पाणी चालू. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, तोवर धूत राहा. थोड्या वेळाने मूल शांत झालं म्हणजे बरं झालं असं नाही. खोल भाजल्यावर दुखणं कमी होऊ शकतं. आणि ट्यूब खिशात, खिसा खुंटीला, खुंटी उंच, एवढं तर प्रत्येक तंबाखू खाणाऱ्याने करावंच.

डोळे आले असतील तर

२०२३ च्या जुलैत आळंदीत डोळ्यांची मोठी साथ आली आणि बघता बघता राज्यभर घराघरांत लाल डोळे दिसायला लागले. १९७१ साली बंगालमध्ये अशीच साथ पसरली तेव्हा तिकडच्या लोकांनी तिला ‘जय बांगला’ असंच नाव पाडलं होतं. पावसाळ्यातली ही साथ बहुतेक वेळा विषाणूंची असते. प्रतिजैविकाचे थेंब विषाणूला काही करत नाहीत. आठवडा-दोन आठवड्यांत ती आपली आपण जाते.

डोळे आलेल्या माणसाकडे बघितल्याने डोळे येत नाहीत. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याकडे जायचा थांबतो, एवढाच त्याचा उपयोग. साथ पसरते ती हात, टॉवेल, उशीचा अभ्रा, मोबाइल आणि दाराची कडी यांच्यातून. म्हणून टॉवेल वेगळा, अभ्रा रोज बदलायचा, डोळा पुसायला कागदी रुमाल आणि तो लगेच कचऱ्यात. डोळ्यातून पाणी येतंय तोवर मुलाला शाळेत पाठवू नका.

सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात तेव्हा ओढून उघडू नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ कापड भिजवून मिनिटभर ठेवा, चिपडं मऊ झाली की नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा. प्रत्येक पुसण्याला कापडाची नवी बाजू, आणि दुसऱ्या डोळ्याला दुसरं कापड. बरं वाटायला गार पाण्याची घडी ठेवा. हिरवट-पिवळा पू सतत येत असेल, नजर धूसर झाली असेल किंवा आठवड्यानंतरही उतार नसेल तर दाखवा.

खाज, कोरडेपणा, रांजणवाडी

दोन्ही डोळ्यांना खाज हीच मुख्य तक्रार असेल तर बहुधा ॲलर्जी आहे. गार घड्या, बाहेरून आल्यावर तोंड-पापण्या धुणं, आणि चोळणं बंद. मुलं वर्षानुवर्षं डोळे चोळत राहिली तर बुबुळाचा आकार बिघडून ते शंकूसारखं पुढे येऊ शकतं, म्हणून दर उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या मुलाला एकदा नेऊन आणाच.

संध्याकाळपर्यंत स्क्रीनसमोर बसून डोळे चुरचुरत असतील तर कारण साधं आहे: टक लावून बघताना पापण्या मिटायचं प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, वीसेक फुटांवर बघा, आणि दहा वेळा पापण्या पूर्ण मिटा. पंख्याची, एसीची झोत तोंडावर नको. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे कृत्रिम अश्रू विनाचिठ्ठी वापरायला बहुतेकांना चालतात. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध टिकवायला घातलेलं रसायन) नसलेले घ्या. ‘लाली घालवणारे’ थेंब मात्र टाळा. बंद केले की लाली दुपटीने परत येते.

रांजणवाडीला ऊन घडी, दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटं. मनगटावर टेकवून सोसेल इतकीच गरम. फोडायची नाही, आणि सोन्याची अंगठी घासायची गरज नाही. त्यात उपयोग होतो तो घासून आलेल्या उबेचा, आणि ऊब कापडानेही मिळते.

काजळाबद्दल विचाराल तर सुरमा नको, कारण पारंपरिक सुरम्यात शिसं असतं. दिव्यावर धरलेल्या घरच्या काजळात शिसं नसेल, पण बाळाच्या डोळ्यात जातं ते काजळीबरोबर आपलं बोटही. तीट गालाला लावा.

थेंब टाकायचे तर

डोक्यामागे उशी घेऊन आडवे व्हा. खालची पापणी ओढून खिसा करा, त्यात एक थेंब टाका. एकच, कारण डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही, दुसरा गालावरून ओघळतो. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा, औषध घशात उतरत नाही. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा आणि महिन्याने ती टाकून द्या.

निघायची वेळ आली तर

चष्म्याच्या दुकानात नको, नेत्रतज्ज्ञाकडे. गावात कुणी नसेल तर ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, ते बघून पुढे पाठवतात. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. जे डोळ्यात गेलं त्याची बाटली, ट्यूब, पुडी किंवा झाडाचं पान सोबत घ्या, आणि घातलेल्या थेंबांची बाटलीही. ‘काही नाही घातलं’ असं ओशाळून सांगू नका. तूप घातलं असेल तर तूप म्हणा.

डोळ्यात काही रुतलेलं दिसत असेल तर ते उपसू नका, धुऊही नका आणि डोळ्यावर दाब देऊ नका. चहाचा स्वच्छ कागदी कप उपडा करून त्याची कड हाडावर टेकवा, चिकटपट्टीने धरा, आणि डॉक्टर बघेपर्यंत रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका. भूल द्यावी लागू शकते.